मोजल्याशिवाय बिल नाही : एका कोष्टकाचा इतिहास

(ऐकू न येणाऱ्या मंडळींसाठी, आणि लोकलमध्ये हेडफोन घरी विसरलेल्यांसाठीसुद्धा, या भागाचा हा पूर्ण लेखी मजकूर. बोलताना अडखळलो तेवढं काढलंय, बाकी जसंच्या तसं.)

[००:००]

आजचा भाग पुण्यातल्या माझ्या खोलीत रेकॉर्ड होत नाहीये. मी आलोय भंडारदऱ्याला, शेंडी गावात, मामांच्या ओसरीवर. मागे पावसाचा आवाज येतोय, तो मी एडिटमध्ये काढणार नाही. जुलैत भंडारदऱ्याला येऊन पावसाचा आवाज काढायचा म्हणजे काय!

आपण या पॉडकास्टवर किल्ले केले, तह केले, दुष्काळ केले. आज एका कागदाचा इतिहास सांगतो. खरं तर एका कोष्टकाचा. तीन रकाने: निकष, उत्तर, शेरा. कंटाळवाणं वाटतंय ना? मलाही वाटायचं. पण हे कोष्टक एकदा मी स्वतः खोटं भरलंय, आणि ती गोष्ट आज सांगितल्याशिवाय हा भाग पूर्ण होणार नाही.

सुरुवात मामांपासून करू. मामा अकोले तालुक्यातल्या एका शिक्षणसंस्थेत हेडक्लार्क आहेत. संस्थेचं नाव घेत नाही. यंदा तिथे कॉम्प्युटर आणि ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं. पद्धत तुम्हाला माहीत असेल: तीन दरपत्रकं मागवायची, तुलनात्मक तक्ता करायचा, खरेदी समितीच्या सह्या घ्यायच्या, सगळ्यात कमी दराला ऑर्डर द्यायची. मामांनी एक चकचकीत माहितीपत्रक माझ्या हातात दिलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. लिहिलं होतं, ‘शंभर टक्के सुगम्य.’

मामा म्हणाले, “हे काय असतं रे? तुमच्यातलंच दिसतंय काहीतरी.”

त्यांनी विचारलं त्याला कारण होतं. यंदा अकरावीला एका पाड्यावरची एक मुलगी आलीये, जिला दिसत नाही. ती फोन वापरते, तोही झरझर. फोन बोलतो, ती ऐकते. मामांना एवढंच हवं होतं, की संस्था जे विकत घेईल ते तिलाही वापरता यावं.

मी माहितीपत्रक पाहिलं आणि गप्प बसलो. कारण ती ओळ कशी लिहितात ते मला पक्कं ठाऊक होतं.

[०२:४०]

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. मी ज्या कंपनीत होतो तिचं सॉफ्टवेअर परदेशातल्या एका विद्यापीठाला विकायचं होतं. विद्यापीठाने एक कागद मागितला. शुक्रवारी संध्याकाळी मॅनेजरने तो मला फॉरवर्ड केला, ‘सोमवारपर्यंत भरून दे.’ त्या कागदाचं नाव व्हीपॅट. मतदानयंत्राच्या शेजारी असतं ते व्हीव्हीपॅट नव्हे. हा एकाच ‘व्ही’वाला. व्हॉलंटरी प्रॉडक्ट अ‍ॅक्सेसिबिलिटी टेम्प्लेट. रिकामा असतो तेव्हा टेम्प्लेट, भरला की त्याला म्हणतात सुगम्यता अनुरूपता अहवाल.

त्यात एकेक निकष असतो. चित्राला लेखी वर्णन आहे का? माउस न वापरता नुसत्या कीबोर्डवर सगळं करता येतं का? अक्षराचा आणि मागच्या रंगाचा फरक किमान ४.५ ला १ आहे का? व्हिडिओला खाली मजकूर येतो का? प्रत्येकासमोर चारपैकी एक उत्तर लिहायचं: पूर्ण करतो, अंशतः करतो, करत नाही, लागू नाही. मला पन्नास निकषांची उत्तरं द्यायची होती.

मी काय केलं? सॉफ्टवेअर उघडलंसुद्धा नाही. कोडमध्ये दोन-चार ठिकाणी डोकावलो आणि ‘पूर्ण करतो’ लिहून खाली ओढत गेलो. एक्सेलमध्ये ओढतात तसं. खरं वाटावं म्हणून मध्येच दोन ‘लागू नाही’ टाकले. रविवारी मॅच बघितली.

दोन महिन्यांनी विद्यापीठातून ईमेल आला. तिथल्या एका अंध कर्मचाऱ्याने आमचं सॉफ्टवेअर स्क्रीन रीडरवर चालवून पाहिलं होतं. सोबत रेकॉर्डिंग होतं. स्क्रीन रीडर आमच्या मुख्य पानावर बोलत होता: बटन, बटन, बटन, ग्राफिक, बटन. चाळीस सेकंद तेवढंच. कुठलं बटन कशाचं, काही नाही. शेवटी त्या माणसाचा आवाज आला, अगदी शांत, ‘तुमच्या अहवालात हे चालतं असं लिहिलंय.’

ते चाळीस सेकंद मी बऱ्याच वेळा ऐकलेत.

[०५:१०]

आता इतिहासाकडे येऊ. हा कागद आला कुठून?

गोष्ट सुरू होते अमेरिकेत, १९७३ साली. त्या वर्षी तिथे पुनर्वसन कायदा झाला. त्याच्या ५०४ व्या कलमाचा मथितार्थ असा, की सरकारी पैशावर चालणाऱ्या कुठल्याही कामात अपंगत्वाच्या कारणावरून कुणाला वगळायचं नाही. कलम झालं, पण ते अमलात कसं आणायचं याचे नियम चार वर्षं रखडले. एप्रिल १९७७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी कचेरीत दिव्यांग आंदोलक घुसले आणि तिथेच बसले. व्हीलचेअरवरचे, अंध, कर्णबधिर, सगळे. तीन आठवड्यांहून जास्त काळ. त्यांना गरम जेवण कोण पोचवत होतं? ब्लॅक पँथर पक्षाचे कार्यकर्ते. शेवटी नियमांवर सही झाली.

मग आला कॉम्प्युटर. १९८६ साली त्याच कायद्यात ५०८ वं कलम घातलं गेलं: केंद्र सरकारची इलेक्ट्रॉनिक साधनं दिव्यांगांनाही वापरता आली पाहिजेत. छान. पण न पाळल्यास काय? काहीच नाही. बारा वर्षं ते कलम दात नसल्यासारखं पडून होतं. १९९८ साली त्याला दात बसवले आणि जून २००१ पासून अंमलबजावणी सुरू झाली.

यातली युक्ती नीट बघा. सरकार कंपन्यांना म्हणत नाही, की तुम्ही असंच बनवा. सरकार म्हणतं, तुम्हाला हवं ते बनवा, मी मात्र विकत घेणार ते सुगम्य असेल तेच. हा गिऱ्हाइकाचा हक्क आहे. भाजी मंडईत आपली आजी जो वापरते तोच. आणि अमेरिकन सरकारएवढं मोठं गिऱ्हाईक दारात उभं राहून असं म्हणालं, की दुकानदाराला ऐकावंच लागतं.

पण गिऱ्हाइकाला कळणार कसं, की माल सुगम्य आहे? म्हणून २००१ मध्ये तिथल्या माहिती तंत्रज्ञान कंपन्यांच्या संघटनेने सरकारी खरेदी खात्यासोबत बसून हे कोष्टक तयार केलं. पुढे त्यातले निकष वेबच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांशी जोडले गेले. त्या सूचना म्हणजे डब्ल्यूकॅग: पहिली आवृत्ती १९९९, दुसरी २००८, मग २०१८, मग २०२३. युरोपनेही २०१४ मध्ये सरकारी खरेदीसाठी स्वतःचं मानक आणलं. आज एकाच नमुन्यात अमेरिका, युरोप आणि डब्ल्यूकॅग तिन्ही भरता येतात.

आणि आता त्यातली मेख. नावातला पहिला शब्द आठवा: व्हॉलंटरी. ऐच्छिक. कोष्टक भरतो कोण? विकणारा. तपासतो कोण? कुणी विचारलंच नाही तर कुणीच नाही. परीक्षेला बसलेल्या पोराने स्वतःच पेपर तपासावा, तसं. मी शुक्रवार ते सोमवारमध्ये जे केलं ते करणारा मी काही पहिला नव्हतो.

[०८:३०]

“हे सगळं अमेरिकेचं झालं. आपल्याकडे काय?” असं तुम्ही म्हणत असाल. तर मुंबईत चला.

१९८७ साली एचएसबीसी बँकेने मुंबईत भारतातलं पहिलं एटीएम बसवलं. पडद्यावर वाचा आणि बटन दाबा. ज्याला पडदा दिसत नाही त्याने काय करायचं? दुसऱ्याला पिन सांगायचा. म्हणजे स्वतःच्या पैशाची चावी दुसऱ्याच्या हातात.

रिझर्व्ह बँकेने एप्रिल २००९ मध्ये परिपत्रक काढलं: नव्याने बसवल्या जाणाऱ्या एटीएमपैकी किमान एक तृतीयांश बोलणारी आणि ब्रेल कीपॅडची असावीत. आदेश आला, पण आदेशाने मशीन बोलत नाही. बोलणारं एटीएम म्हणजे नेमकं काय, हे आधी कुणीतरी लिहून द्यायला हवं. हेडफोन लावायची जागा हवी. आवाज सुरू होईल तेव्हा पडदा काळा करता आला पाहिजे, नाहीतर मागचा माणूस आकडे बघेल. कीपॅडवर बोटाला कळेल अशी खूण हवी. पैसे कुठून येणार, कार्ड कुठे घालायचं, हेही आवाजात हवं.

हे काम मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजमधल्या एका केंद्राने हातात घेतलं. झेवियर्स रिसोर्स सेंटर फॉर द व्हिज्युअली चॅलेंज्ड, सुरुवात २००३. त्यांनी बँक आणि मशीन बनवणारी कंपनी, दोघांसोबत काम केलं, आणि ६ जून २०१२ रोजी युनियन बँकेचं पहिलं बोलणारं एटीएम सुरू झालं, अहमदाबादच्या वस्त्रापूर भागात. १९८७ ते २०१२. पंचवीस वर्षं. २०१४ मध्ये रिझर्व्ह बँकेने नियम आणखी घट्ट केला: १ जुलै २०१४ पासून बसणारं प्रत्येक नवं एटीएम बोलणारं हवं.

या गोष्टीतून मी एक शिकलो. तंत्रज्ञान आधीपासून होतं. हेडफोनचा शोध २०१२ साली लागला नाही. खरेदीच्या कागदावर ती ओळ नव्हती, एवढंच.

[११:००]

आता कायद्याचं थोडक्यात. आपल्याकडे पहिला दिव्यांग कायदा १९९५ चा. मग २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, जो एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याचं ४२ वं कलम माहिती आणि संपर्क तंत्रज्ञान सुगम्य करण्याबद्दल आहे. भारतीय मानक ब्युरोने आयएस १७८०२ हे मानक दोन भागांत आणलं, २०२१ आणि २०२२ मध्ये. ते युरोपच्या मानकावर बेतलेलं आहे. म्हणजे ‘आमच्याकडे निकषच नाहीत’ ही सबब आता चालत नाही.

तरी एक फट राहिली होती. कायदा ‘करावंच लागेल’ म्हणत होता आणि त्याखालचे नियम ‘केलं तर बरं’ अशा सुरात होते. राजीव रतुरी विरुद्ध भारत सरकार या खटल्यात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हेच धरलं. पंधरावा नियम कायद्याशी विसंगत ठरवला आणि बंधनकारक किमान निकष ठरवायला सरकारला तीन महिने दिले. पाठोपाठ ३० एप्रिल २०२५ चा प्रज्ञा प्रसून खटल्याचा निकाल. अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या व्यक्तीला केवायसीसाठी कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करायला सांगितलं, तर ती कशी करणार? न्यायालयाने सांगितलं, की डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे.

खटला दिल्लीत चालतो. खरेदी मात्र अकोल्यात होते, मामांच्या टेबलावर, तीन दरपत्रकांमध्ये.

[१२:५०]

रात्री जेवताना मी हे सगळं आण्णांना सांगितलं. आण्णा म्हणजे माझे आजोबा, आईचे वडील. पाटबंधारे खात्यात होते. ओव्हरसियरसाहेब मोजमाप घ्यायचे तेव्हा टेपचं दुसरं टोक धरायचं, ही त्यांची नोकरीची सुरुवात. आता काचबिंदूने त्यांना समोरचं ताटही अर्धंच दिसतं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे ठेकेदारानं सांगितलं भिंत बांधली, की तुम्ही बिल काढता?”

मी म्हणालो, “जवळजवळ तसंच.”

“आमच्यात एमबी असायची,” आण्णा म्हणाले. एमबी म्हणजे मोजमाप पुस्तक. “ठेकेदार काय बी सांगू दे. साहेब जागेवर जाणार, टेप लावणार, पुस्तकात लिवणार. मोजल्याशिवाय बिल नाही.”

मग ते धरणाबद्दल बोलायला लागले. भंडारदऱ्याचं धरण तुम्ही रीलमध्ये पाहिलं असेल, तो अंब्रेला फॉल वगैरे. प्रवरेवरची ही दगडी भिंत १९१० मध्ये सुरू झाली आणि १० डिसेंबर १९२६ ला मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांनी तिचं उद्घाटन केलं. सुमारे ८२ मीटर उंच. त्रेचाळीस वर्षं भिंत उभी होती. १९६९ साली तिला तडे दिसले, गळती वाढली. आण्णा तेव्हा चोविशीत होते. पुढे मागच्या अंगाने आधारभिंती, म्हणजे बट्रेस, बांधून धरण मजबूत केलं गेलं. पर्यटक त्या आधारभिंतींसमोर सेल्फी घेतात, पण त्या तिथे का आहेत ते कुणी विचारत नाही.

जुन्या दगडी धरणांच्या गणितात एक दाब पुरता धरलेला नसायचा: पायातून झिरपून भिंतीला खालून वर उचलणारं पाणी. इंजिनिअर त्याला अपलिफ्ट म्हणतात. फ्रान्समधलं बूझे धरण १८९५ साली फुटलं, माणसं गेली, तेव्हा या दाबाकडे गांभीर्याने पाहायला सुरुवात झाली. आकडेमोडीत धरलं नाही म्हणून पाणी थांबत नाही. ते भिंतीखाली असतंच.

आमच्या सॉफ्टवेअरचंही असंच झालं होतं. तो अंध कर्मचारी आमच्या गणितात नव्हता. पण तो होता.

[१५:००]

आता मामांच्या खरेदीचं काय झालं ते सांगतो. हा भाग तुमच्यापैकी जे शाळेत, ग्रामपंचायतीत, पतसंस्थेत, वाचनालयात असतील त्यांनी नीट ऐका.

आम्ही तिन्ही पुरवठादारांना एक पानी पत्र लिहिलं. त्यात पाच गोष्टी मागितल्या. एक, सुगम्यता अहवाल. कुठल्या आवृत्तीचा आणि कुठल्या तारखेचा ते लिहून. दोन, तपासणी कुणी आणि कशावर केली: कुठला स्क्रीन रीडर, कुठला फोन. तीन, जे चालत नाही त्याची यादी आणि दुरुस्तीची तारीख. चार, खास आपल्यासाठी: मराठी मजकूर युनिकोडमध्ये आहे का, आणि पानाची भाषा मराठी म्हणून नोंदवली आहे का. कारण जुन्या फॉन्टमधलं मराठी डोळ्यांना मराठी दिसतं, स्क्रीन रीडरला ते इंग्रजी अक्षरांचा कचरा वाटतं. स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये तर त्याला काहीच सापडत नाही, नुसता फोटो. आणि पाच, ऑर्डरआधी आमच्या जागेवर प्रात्यक्षिक.

पहिल्याने उत्तरच दिलं नाही. दुसरा, शंभर टक्केवाला, त्याने अहवाल पाठवला. सगळीकडे ‘पूर्ण करतो.’ मध्येच दोन ‘लागू नाही.’ मी हसलो, आणि मग हसू आलं याची लाज वाटली. तिसऱ्याच्या अहवालात अकरा ठिकाणी ‘अंशतः’ आणि तीन ठिकाणी ‘करत नाही’ होतं. प्रत्येकासमोर शेरा: काय अडतं, कुठे अडतं.

समितीतल्या एका सरांना वाटलं, हा तर सगळ्यात वाईट. मामा म्हणाले, “आधी मोजू.”

लॅबमध्ये एनव्हीडीए घातलं. हा फुकटचा स्क्रीन रीडर आहे, ऑस्ट्रेलियातल्या दोघा अंध मित्रांनी २००६ पासून बनवलेला, मराठीही वाचतो. मामांनी मॉनिटर बंद केला आणि त्या मुलीला खुर्ची दिली. शंभर टक्केवाल्याचं सॉफ्टवेअर सुरू झालं आणि स्पीकरमधून आवाज आला: बटन, बटन, ग्राफिक, बटन. मला पुढचं पाठ होतं. ती म्हणाली, “सर, हे मला घरात घेतच नाहीये.”

तिसऱ्यात ती आत गेली, लेखकाच्या नावाने पुस्तक शोधलं, सापडलं. पुस्तक राखून ठेवायच्या तक्त्यात अडकली. तिसऱ्याच्या अहवालात नेमकं तेच लिहिलं होतं: तक्त्यात ‘करत नाही.’ कागद आणि जागा जुळली.

तिसऱ्याचा दर थोडा जास्त होता. समितीत अर्धा तास वाद झाला, मामांनी तुलनात्मक तक्त्यात ‘सुगम्यता, प्रत्यक्ष तपासून’ असा नवा रकाना वाढवला, आणि ऑर्डरमध्ये अट घातली: तीन दोष सहा महिन्यांत दुरुस्त, तोवर शेवटचा हप्ता नाही. आजच्या घडीला दोन दोष गेलेत, एक बाकी आहे. हप्ताही बाकी आहे.

[१६:५०]

आणि माझ्या कागदाचं काय? त्या ईमेलनंतर मी मॅनेजरकडे गेलो आणि सांगितलं, की अहवाल मी न तपासता भरला होता. फार वाईट अर्धा तास होता तो. मग कोष्टक पुन्हा भरलं, या वेळी स्क्रीन बंद करून, कीबोर्डवर. एकोणीस ‘अंशतः’ निघाले. सेल्सवाले चिडले. विद्यापीठाने करार मोडला नाही, पण प्रत्येक दोषाची तारीख मागितली आणि त्या तारखांना खरंच विचारलं. त्या वर्षी मी जेवढं शिकलो तेवढं बीटेकच्या चार वर्षांत शिकलो नव्हतो.

जाता जाता एक काम. अँड्रॉइड असेल तर सेटिंगमध्ये टॉकबॅक सुरू करा, आयफोन असेल तर व्हॉइसओव्हर. सुरू करण्याआधी ते बंद कसं करायचं तेही बघून ठेवा, नाहीतर मला शिव्या द्याल. मग डोळे मिटा आणि रोजचं एक अ‍ॅप उघडा. उजवीकडे सरकवलं की पुढची वस्तू, दोनदा टॅप केलं की उघडतं. कुणाला तरी पन्नास रुपये पाठवायचा प्रयत्न करा. जिथे अडाल ती जागा कंपनीला लिहून कळवा. आणि तुमच्या संस्थेत काही विकत घेतलं जात असेल, तर अहवाल मागा आणि तो जागेवर मोजा.

आण्णा आत झोपायच्या तयारीत आहेत. मघाशी त्यांच्या फोनवर टॉकबॅक लावून दिलं. पेन्शन जमा झाल्याचा मेसेज त्यांनी बऱ्याच महिन्यांनी स्वतः ऐकला, दुसऱ्या कुणाला न विचारता. रक्कम ऐकली, मग परत ऐकली. म्हणाले, “बरोबर हाय.”

भेटू पुढच्या भागात. पाऊस वाढलाय, वीज जायच्या आत अपलोड करतो.